दाराखालून दिसलेले बूट

लोहा, मंगळवार, संध्याकाळ

महिनाभर बैठका झाल्या. आम्ही दवाखान्यातले समुपदेशक, पोलीस ठाणं, ॲम्ब्युलन्सवाले. ठरलं, मानसिक आजाराचा पेशंट बिथरला तर सायरन नको, दोरी नको, वर्दी नको.

आज पहिलाच फोन. आमच्याकडे उपचार घेणारा संतोष विळा घेऊन खोलीत कोंडून बसलेला, आई बाहेर रडत. ठाण्यातले जमादारमामा साध्या शर्टात आले. मी दारातून बोलत होते, तोही उत्तरं देत होता. मग एकदम म्हणाला, "ताई, पोलीस आणला ना संगं? बूट दिसून राहिले."

दाराखालच्या फटीतून. वर्दी उतरवली आणि ते तांबडे पोलिसी बूट तसेच पायात. इतक्या बैठकांत बूट कुणालाच कसे सुचले नाहीत? मलाही नाही.

आत विळा दारावर आपटला. मामांनी बूट काढून लांब सारले आणि उंबऱ्याशी मांडी घातली. "बाबा, अनवाणी बसलोय. लई तहान लागली. आत माठ असंल ना?"

किती वेळ गेला कुणास ठाऊक. कडी निघाली. संतोषच्या हातात तांब्या होता.

नांदेडपर्यंत गाडीत तो मामांच्या पायांकडेच बघत होता. दवाखान्यात उतरताना म्हणाला, "मामा, बूट घरीच ऱ्हायले की. भुई पोळंल."