एकाहत्तर

शनिवार, १२ एप्रिल. चिखला.

सीईटीला अकरा दिवस उरले आणि सराव पेपरात आज पुन्हा एकाहत्तरच आले. दोनशेपैकी एकाहत्तर. आठवडाभर फिजिक्स घोकलं, ते गेलं कुठं?

बाबा खाणीतून आले. बूट काढायच्या आधीच विचारलं, "किती पडले, पोरी?"

"एकशे दहा," मी बोलून गेले. काहून बोलले असं?

बाबा केवढे खूश झाले! माझ्या हातातली घागर त्यांनी काढून घेतली. "पाणी मी भरतो. तू वाचत बस, तुले वेळ कमी हाये."

दिवसभर जमिनीखाली राबलेला माणूस आता नळावर बायांच्या रांगेत उभा आहे. खिडकीतून दिसतो. जाऊन खरं सांगावं... पाय उचलत नाही. एकाहत्तरचे अकरा दिवसांत किती होणार?

बाबा घागर पिंपात रिती करून, दार हळूच ओढून घेऊन, दुसऱ्या खेपेला निघालेही.