नकोवाल्यांची यादी

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि आईने बळेच कोंबलेला कुकर, एवढ्या संसारासह नवं गाव, नवी खोली, नवी नोकरी. खोली शिंप्याच्या दुकानावर आहे. जिना इतका अरुंद की कुकरची बॅग दोनदा अडकली. शेवटी खालचे शिंपीकाका मशीन सोडून उठले आणि त्यांनी ती वर चढवून दिली. दिवसभर मशीनची खडखड चालेल, त्याबद्दल कुरकुर करायची नाही, असंही बजावून गेले. मी म्हटलं, काका, मला आवाज हवाच आहे. खरंच हवा आहे. वर्षभर घरात जी शांतता होती तिने माझे कान किटले होते.

ऑफिस दोन रस्ते सोडून. आमच्या टीमचा प्रमुख दर दोन वाक्यांनंतर कळलं का असं विचारतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात, तोंडावरसुद्धा. त्याने काम समजावलं. पासवर्ड बदला, सामान निघालं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, असे मेल कोणी माणूस बसून लिहीत नाही हे शेंबडं पोरही जाणतं. पण ते ॲप स्वतःही पाठवत नाही. ॲप आमच्या खिडकीशी येतं, आपली ओळखीची किल्ली दाखवतं आणि सांगतं की या पत्त्यावर, या नमुन्यातला मजकूर, नावाच्या जागी हे नाव. पुढचं सगळं आमच्याकडे. त्या खिडकीला एपीआय म्हणायचं. मेल गेला की आमचं यंत्र उलट निरोप देतं: पोचला, परत आला, उघडला. मास्तरने विचारलं, कळलं का? मी शाळेतल्यासारखा हात वर करून कळलं म्हटलं आणि सगळे हसले. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पहिलं काम मिळालं. बूट-चपला विकणारं एक ॲप आहे. वर्षभरात ज्यांनी काही घेतलं नाही अशा जुन्या गिऱ्हाइकांना मेल जाणार. मजकूर त्यांनीच दिलाय: प्रिय अमुक, बरेच दिवस दिसला नाहीत. तुमची आठवण येते. परत या. खाली मोठं केशरी बटण, त्यावरही तेच, परत या. चपला खपवायला एवढा गळा काढायचा! मी वाचून हसले. मग तो पुन्हा वाचला.

चाचणीसाठी खरा पत्ता लागतो. खोट्या पत्त्यावरचे मेल परत येतात आणि फार मेल परत आले की बाहेरचे मेलवाले आम्हाला भामटे समजतात. गिऱ्हाइकाचा पत्ता चाचणीला वापरायचा नाही. म्हणून इथली रीत अशी की प्रत्येकाने आपल्याकडचा एक पत्ता द्यायचा, जो चालू आहे पण जिथे कोणी वैतागणार नाही. मास्तरने स्वतःचा कॉलेजातला पत्ता दिलाय. मी धाकट्याचा दिला.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. मागच्या वर्षी तापाने गेला. त्याचा मेलबॉक्स चालू आहे. पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, त्यामुळे कोणाला तो उघडताही येत नाही आणि बंदही करता येत नाही. वैतागणार कोण? नावाच्या जागी मी ‘धाकट्या’ असं लिहिलं. चाचणीच तर आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज दिवसभर तोच मेल पाठवत बसले. कुठे बटण एका बाजूला सरकतंय, कुठे अक्षरं तुटतायत, अशा सतरा भानगडी. गिऱ्हाइकाचा पत्ता रिकामा असला की अख्खा प्रोग्रामच कोलमडतो. त्यावर तात्पुरता तोडगा म्हणून एक ओळ घातली: पत्ता रिकामा असेल तर मेल चाचणीच्या पत्त्यावर पाठव. काम अडायला नको. नंतर काढून टाकीन.

दर वेळी त्याच्या पत्त्यापुढे पडद्यावर एक हिरवा शब्द उमटतो. पोचला. वर्षभरात मी त्याच्याशी किती बोलले, भांडी घासताना, रस्त्याने जाताना, आंघोळ करताना. पोचलं म्हणून एकदाही कोणी सांगितलं नव्हतं. बाथरूमचा नळ सोडून मनसोक्त रडून घेतलं आणि पुन्हा जागेवर येऊन बसले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज हिरव्या शब्दाशेजारी दुसरा शब्द आला. उघडला.

मास्तरला दाखवलं. तो म्हणाला, काही मेलबॉक्सच्या दाराशी राखणदार यंत्र असतं, ते मेल आधी स्वतः उघडून तपासतं, त्यात माणूस असतोच असं नाही. मला पटलं. पण यंत्र उघडतं ते क्षणात. धाकट्याला आज सकाळी पाठवलेले मेल उघडले ते उन्हं वर आल्यावर, सगळे एकदम, एकापाठोपाठ एक. साहेब जिवंत असतानाही कधी त्याआधी उठले नाहीत. आई पांघरूण ओढायची आणि हा पांघरुणासकट खाटेखाली जायचा.

भीती वाटली. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मास्तर बैठकीला गेला तेव्हा मजकुराखाली माझ्या चार ओळी घातल्या. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात पण जीभ नाही. तुझी सायकल कोणाला दिलेली नाही. ताईला तुझ्यावाचून करमत नाही रे.

दुपारी उघडला. मग त्याने केशरी बटण दाबलं. परत या. राखणदार यंत्र उघडतं एकदा, फार तर दोनदा. याने बटण दाबतच ठेवलं. नोंदीचं पान खाली-खाली सरकत होतं आणि मला लहानपणी दाराबाहेरून बेल वाजवत राहणारा धाकटा दिसत होता. दार उघडेपर्यंत बोट काढायचा नाही.

शिंपीकाकांनी विचारलं, आज स्वारी खुशीत? मी म्हटलं, भाऊ भेटला. तोंडून निघून गेलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

प्रत्येक मेलच्या तळाशी बारीक अक्षरात एक दुवा असतो: यापुढे मेल नकोत. तो दाबला की पान उघडतं, त्यावर कारण लिहायला एक चौकोन असतो. तिथे सहसा कोणी काही लिहीत नाही. दाबणाऱ्याचा पत्ता आपोआप एका यादीत जातो. ऑफिसात तिला नकोवाल्यांची यादी म्हणतात.

आज धाकट्याचा पत्ता त्या यादीत गेला. कारणाच्या चौकोनात लिहिलं होतं: ताई, झोपू दे.

हॉस्पिटलात शेवटी तो हेच म्हणायचा. डोळा लागला की कोणीतरी येऊन उठवायचं, रक्त घ्यायला, ताप बघायला, गोळी द्यायला. पट्टी लावलेला हात पुढे करायचा आणि डोळे न उघडता म्हणायचा, झोपू द्या ना. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. कोणाला म्हणजे कोणालाच नाही.

थट्टा म्हणावी तर एवढं ठाऊक असणारं कोणी उरलेलं नाही. मी आणि आई सोडून.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आता त्याला पाठवलं की खिडकीतूनच उत्तर येतं: नाकारला. हिरवं काही उमटत नाही. सकाळपासून तो एकच शब्द बघतेय आणि हॉस्पिटलातली ती रिकामी खाट पुन्हा डोळ्यांसमोर येतेय.

मास्तरने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आपल्या धंद्यात एकच पाप आहे. जो नको म्हणाला त्याला यादीतून काढून पुन्हा मेल पाठवणं. त्याला क्षमा नाही.

काढला. त्याचा पत्ता यादीतून काढला.

पोचला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आईचा फोन. आधी नुसती रडत होती. मग म्हणाली, धाकटा घरी आलाय.

ती म्हणाली, दार उघडलं तर समोर उभा. मला ओळखत नाही गं. आपल्या खाटेवर जातो, आडवा होतो, डोळे मिटतात, आणि कोणीतरी हाक मारल्यासारखा ताडकन उठतो. दाराशी जातो. बाहेर बघतो. परत येऊन आडवा होतो. पुन्हा तेच. विचारतो, कोण बोलावतंय? मला बघवत नाही. त्याला कोण बोलावतंय ते तू शोध आणि थांबव. तुझ्या पाया पडते.

आई माझ्या पाया पडली. फोनवर.

मी नोंदी काढून पाहिल्या. प्रत्येक पोचला म्हणजे त्याचं एक उठणं. एवढ्या वेळा उठवलाय मी त्याला? आजपासून एकही नाही. चाचणी संपली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

ती ओळ काढायची राहिली.

पत्ता रिकामा असेल तर — ती ओळ. आज सकाळी बुटांच्या ॲपने आपली सगळी जुनी गिऱ्हाइकं आमच्या खिडकीत ओतली. त्यात रिकामे पत्ते किती, मोजवत नाहीत. सगळे धाकट्याकडे चाललेत. परत या. परत या. परत या.

मास्तरला फोन केला. म्हणाला, रांगेला लागलेले मेल मागे घेता येत नाहीत, गिऱ्हाईक मोठं आहे, रांग तोडणार नाही, उद्या संध्याकाळपर्यंत चालेल. मग म्हणाला, एवढं काय रडतेस, तो एक पत्ता यादीत टाक. प्रत्येक मेल निघायच्या क्षणी यादी बघितली जाते. एक बटण. रांगेतले सगळे तिथेच गळून पडतील.

एक बटण.

खोलीवर आणलेल्या लॅपटॉपवर यादीचं पान उघडलं. तेवढ्यात आईचा फोन. तो निघाला. आता आडवाही होत नाही, उभ्या उभ्याच दचकतो. फार केविलवाणं विचारत होता, कोण बोलावतंय, कोण बोलावतंय. आईच्याने राहवलं नाही. म्हणाली, ताई असेल रे बाबा, तिच्याकडे जा, तीच झोपवेल तुला. आणि तो गेला. मग मला म्हणाली, मी माझ्यापुरता त्याचा निरोप घेतला, आता तू झोपव. आवाज कोरडा होता.

म्हणजे इकडे येतोय. माझ्याकडे.

दाबलं तर वाटेतच निजेल, कायमचा — मी त्याला पाहिलंच नाही नंतर. शेवटी चेहऱ्यावर चादर होती. एकदा बघू दे. बघते आणि दाबते.

रविवार, २३ फेब्रुवारी

शिंपीकाकांचं दुकान बंद. मशीन नाही. जिन्यावर पावलं. अनवाणी. चार पायऱ्या वर, मग थांबतात, उलट खाली — पुन्हा वर —

आला.

तोच. किती वाळलाय. हातावरची पट्टी अजून तशीच. मी धाकट्या म्हटलं. त्याने बघितलं, जिन्यात भेटलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं. विचारलं, इथून कोणी बोलावलं का. मी रे, मीच. ऐकू जात नाही त्याला. त्याला फक्त ती हाक ऐकू येते —

खाटेवर निजवलं. डोकं मांडीवर घेतलं. केसांतून हात फिरवला. डोळे मिटले. पडद्यावर — पोचला. उठला. डोळे सताड. दाराकडे निघाला. परत यायला. अरे, आलायस की! माझ्याकडेच आलायस —

धरून आणला. निजवला. पोचला. उठला.

यादीचं पान उघडं आहे. पत्ता लिहून ठेवलाय. फक्त बटण. आईचा फोन वाजतोय. उचलत नाही. काय म्हणणार ते ठाऊक आहे. एका हाताने लिहितेय, दुसरा त्याच्या कपाळावर. कपाळ गार. ताप उतरलाय —

पोचला.

रडतोय. आवाज नाही, नुसते ओठ. झोपू दे, झोपू दे.

हो राजा. दाबते. दाबणारच आहे. मी काय वैरीण आहे तुझी? पण दाबलं की मांडी रिकामी. पुन्हा कधीच — पुन्हा कुठल्याच पत्त्यावर —

पोचला.

एकदा ताई म्हण. माझ्याकडे बघून. मग लगेच. शपथ.

पोचला.

उठू नकोस. ये. पड. ठेव डोकं. हा शेवटचा. हा गेला की दाबते — हा नाही, ह्याच्या पुढचा —