जिन चालू असतानाची शर्यत

४ डिसेंबर १९८९, सोमवार. मलकापूर

लिहीन लिहीन म्हणत दिवाळी गेली. वही कोरीच. आळस, दुसरं काही नाही! आज डोकं इतकं तापलंय की कोणाच्या तरी थोबाडीत मारण्यापेक्षा कागदावर लिहिलेलं बरं.

सकाळी शेगावहून आलो. लॉजचं काम सोडलं — म्हणजे मालकानंच हाकललं. त्याचं थोबाड आठवलं की कचोरी कडू लागते. जाऊ दे. स्टेशनसमोर भगवानरावांचं गेम पार्लर बघायला गेलो, तर पाटी गायब! आत साड्यांचं दुकान लागून राह्यलं. अन् मागच्या खोलीत, बारदानाखाली, माझी गाडी.

माझी म्हणजे — ती मोटारींच्या शर्यतीची मशीन. बसायला सीट, हातात खरं स्टिअरिंग, पायाखाली पेडल. नाणं टाकलं की काचेत रस्ता धावायला लागायचा. स्टिअरिंग थोडं ढिलं होतं, वळणाच्या जरा आधीच फिरवावं लागायचं. हात अजून फिरतात माझे. एसटीत बसलो तरी.

भगवानराव म्हणे, "शनिवारी तुळशीराम सुतार येऊन राह्यला. लाकूड चांगलं हाय, साड्यांच्या कपाटाले होते."

"अन् काच?"

"टीव्हीवाला नेईन."

कपाटाले! या माणसाला चांगली वस्तू सुचतच नाही, मोडायचीच सुचते.

५ डिसेंबर

कोणी विचारत नाही, तरी लिहून ठेवतो. पार्लरच्या मागच्या भिंतीला लागून कापसाची जिन, सरकी काढायचा कारखाना. ती सुरू झाली की व्होल्टेज उतरायचं, पार्लरमधला बल्ब पिवळा पडायचा आणि मशीनमधलं चित्र चारी बाजूंनी आकसायचं. रस्ता दोरीएवढा. समोरच्या गाड्या मुंग्यांएवढ्या. पोरं उठून जायची — "जिन बंद झाली की खेळू बे." मी एकटा बसून राहायचो. त्या आकसलेल्या काचेवर मी एका दुपारी सगळ्यांच्या वरचे पॉइंट केले. सगळ्यांच्या वरचे! लाईट गेली. मशीन सगळं विसरली. बघायला कोणी नव्हतं.

नंबर एक कोण? तर माझा मामेभाऊ निवृत्ती. शंकररावमामा जिनचे मिस्त्री. जिन केव्हा थांबणार हे निवृत्तीला घरूनच माहीत. ती थांबली की हा भांग पाडून हजर! मोठ्या काचेवर, रुंद रस्त्यावर कोणीही चालवेल. आणि मी माझं सांगितलं की हसतात. "जिन चालू असतानी? हट बे!"

दहावी गेली. देऊळगाव राजाच्या जत्रेत भोंगे बांधायचं काम गेलं. लॉज गेला. मला नीट येत होती ती एवढी एकच गोष्ट, अन् तीच कोणी मानत नाही.

भगवानरावांना गाठलं. मोडायच्या आधी एकदा चालू करा म्हटलं. म्हणे, "दोघं येसान त लावतो. एकट्यासाठी मीटर फिरवत नाही."

दोघं. म्हणजे निवृत्ती. आणि जिन चालू असताना! मग कळेल सगळ्यांना.

६ डिसेंबर

मामाकडे जाणार होतो. मालगाडीत कापसाच्या गाठी चढवत होते, तेच बघत बसलो. दिवस गेला.

७ डिसेंबर, गुरुवार

गेलो. मामीनं जेवू घातलं — त्या घरात माणूस म्हणावं असं तेवढं एकच.

निवृत्तीकडे मुंबईहून टीव्हीला लावायचा गेम आलाय. काय तो रुबाब! पलंगावर बसायचं, हातात एक दांडी अन् दोन बटणं. गाडी म्हणजे ढेकूण. ढेकूण पळवायचा! वळणावर माझं अंग आपोआप कललं, तर पोट धरून हसला. "पडशीन बे पलंगावरून!"

हरलो. ढेकणाच्या शर्यतीत हरलो, त्याचं काय एवढं!

म्हटलं, "शनिवारी पार्लरात चाल. दुसरा असल्याशिवाय भगवानराव मशीन लावत नाही. जिन चालू असतानी. होऊन जाऊ दे."

"लेकरायचे खेळ हायेत ते. मी नाही येत."

"भेला."

"कोणाले बे? तुह्या गप्पायले?"

मग मी ओरडलोच — "तुह्या बापाची जिन थांबे म्हणून तू नंबर एक!"

मामा दारात उभे. त्यांना बघितलंच नव्हतं. मिशीला कापूस, डोळे लाल. "माही जिन पोट्ट्यायच्या खेळासाठी थांबत नसते. सीझनमंधी माणूस मेला तरी मी तिले सोडून हालत नाही. तू खोटा, तुहे पॉइंटही खोटे. निंघ!"

मामी म्हणे, "जेवण त होऊ द्या त्याचं."

झालं होतं. निघालो. चप्पल घालताना आतून पुन्हा ढेकणाची पीं-पीं सुरू.

८ डिसेंबर

दुसरा गडी शोधतोय. कडूबा सायकलवाला — हाच तेव्हा शाळा बुडवून सीटसाठी मारामारी करायचा. आज पंक्चर काढत म्हणे, "मले टाइम नाही गड्या. अन् मानही दुखते." पुंजाजीचं लग्न झालंय, बायकोला विचारून सांगतो म्हणे. गेम खेळायला बायकोला विचारतो! दोन वर्षांत सगळे म्हातारे झाले. थू.

९ डिसेंबर, शनिवार

मशीनच्या सीटवर बसून लिहितोय. उठणार नाही. बारदान मीच काढलं. स्टिअरिंगचं रबर अजून हाताला तसंच चिकट लागतं.

तुळशीराम करवत मांडीवर घेऊन बिडी ओढतोय. "उठतं का सीटसकट कापू?"

भगवानराव दर थोड्या वेळानं डोकावतात. "दुसरा माणूस आण, नाहीतर ऊठ. गिऱ्हाइकं पाहून राह्यले."

भिंतीपलीकडे जिन धडधडतेय. बल्ब पिवळा. अशीच दुपार होती ती. आणि आज कोणी येत नाही! मलकापूरला आग लागो.

तुळशीराम उठला. बिडी विझवली.

त्याच दुपारी

मामा आले! अंगभर कापूस, पायात चप्पल नाही. भिंतीपलीकडे धडधड सुरूच. भगवानरावांनी विचारलं, "मिस्त्री, तुम्ही इथं कसे?"

"दुसरा मी," म्हणाले. "जिन चालू ठेवून आलो. याचे पॉइंट खरे का खोटे, पाहू दे. लाव बटण."