माझ्या नावावर निघालेली गाठ

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
महिला आरोग्य तपासणी केंद्र.

विषय : माझ्या नावे नोंदलेली छातीतील गाठ माझ्या धाकट्या बहिणीच्या नावे करून मिळणेबाबत.

संदर्भ : नोंदणी क्र. ४१७, डावी बाजू, एकोणीस मिलिमीटर.

महोदय,

सविनय अर्ज करते की, मी शिलाई कारखान्यात काजे-बटणाच्या टेबलावर एकतीस वर्षे आहे. तिथे मला थापाडी मावशी म्हणतात, ते खरे आहे. पन्नाशी उलटलेल्या कामगार बायकांनी आपल्या केंद्रात छातीची तपासणी करून यावी, अशी चिठ्ठी आली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मीच सांगितले की, ते यंत्र बाईला दोन पाट्यांत असे दाबते की नवऱ्यापासून लपवलेले सगळे चित्रात छापून निघते. दोघीजणी रडल्या. मी पोट धरून हसले, आणि घरी आल्यावर मीच तपासणीला जायचे नाही म्हणून बसले.

१. धाकटी माझ्याकडेच राहते. घरी पिशव्या शिवते, त्यामुळे तिला कारखान्याचे कार्ड नाही. ती म्हणाली, ताई, स्वतःच्याच थापेला भ्यालीस होय? आण ते कार्ड, मीच जाऊन येते. आमचे नाकडोळे एकसारखे, कार्डावरचा फोटो जुना. ती गेली, आली, म्हणाली, काही नाही गं, चिमटा बसतो नि संपतं. आठ दिवसांनी अहवाल आला. चित्रात दोन फुल्या आणि मधे गाठ. धाकटीने तो वाचून माझ्या हातात दिला : घे, तुझ्या नावावर आलंय, माझा काय संबंध. आम्ही दोघी हसलो. मग ती मोरीत गेली आणि नळ बराच वेळ चालू होता.

२. मी त्याच आठवड्यात खरे सांगण्यास हजर झाले. खिडकीवरील बाईंनी समुपदेशक बाईंकडे पाठवले. त्यांनी चहा दिला व माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, मावशी, घाबरल्यावर सगळ्या असंच बोलतात. मी जितके नाकारले तितका त्यांचा आवाज मऊ होत गेला. डॉक्टरसाहेबांच्या हाताला गाठ लागली नाही, तर त्यांनी 'खोलवर आहे' असे लिहिले. माझी फेरतपासणी मागितली, तर एका नावावर वर्षातून एकच. धाकटीची वेगळी नोंद मागितली, तर कार्ड नसलेल्यांची रांग आठ महिन्यांची. आठ महिने गाठ आहे तेवढीच राहील, असे कोणी लिहून देत असल्यास माझी तक्रार नाही. गाठीचा तुकडा काढण्याची येत्या मंगळवारची तारीख मात्र मला मिळाली आहे. त्या खोलीच्या दाराशी अंगठा घेतात, त्यामुळे धाकटीला माझ्या नावाने पाठवता येत नाही.

३. पुरावा आपल्याच अहवालात आहे. तिसरी ओळ पाहावी : 'जुना, निरुपद्रवी, धातूचा बारीक तुकडा.' ती सुई आहे. मी नऊ वर्षांची, धाकटी सात. तिला घाबरवायला मी आईची सुई घेऊन दारामागे उभी राहिले, आणि ती धावत आली. अर्धी सुई माझ्या हातात राहिली. मांजराने ओरबाडले, असे मी आईला सांगितले. धाकटीने रडत रडत मान हलवली आणि बावन्न वर्षांत ते कोणालाही सांगितले नाही. माझी पहिली थाप तीच. माझ्या अंगात सुई नाही. वाटेल त्या यंत्रात घालून पाहावे, आता मी भीत नाही.

सबब, मंगळवारची तारीख धाकटीस द्यावी व खोट्या नावाबद्दल जी शिक्षा असेल ती मला द्यावी. हे नियमात बसत नसल्यास, त्या दिवशी माझ्या नावाचा पुकारा होईल तेव्हा बाकावरून आम्ही दोघीही उठू. दोघींतली जी हसत असेल, ती धाकटी. तिला आत घ्यावे.

आपली नम्र, आणि या अर्जापुरती तरी खरी,
(सही)
काजे-बटण विभाग, शिलाई कारखाना
दिनांक : ३, बुधवार

सोबत :
१. अहवालाची प्रत.
२. दोघी बहिणींचा लहानपणीचा फोटो. धाकटीच्या छातीला पट्टी आहे.
३. सुईचा नेढ्याकडचा अर्धा भाग, चिंधीत गुंडाळून. चित्रातल्या तुकड्याशी जुळवून पाहावा. जपून उघडावे, अजून टोचते.