कोपऱ्यातला आकडा

३ फेब्रुवारी — दुखणं: ८
खरं तर सहा. पण सहा म्हटलं की डॉक्टर मान डोलावून तीच गोळी लिहून देतात, म्हणून रोज दोन वाढवून लिहिते. पाठदुखीचं हे सातवं वर्ष. ही वही त्यांनीच ठेवायला लावली — वरच्या कोपऱ्यात दुखण्याचा आकडा, दहापैकी. खालचं माझं मी लिहिते.

५ फेब्रुवारी — ८
पडदे शिवताना मखमलीचा एक तुकडा उरला. सहज दंडावरून फिरवला. हळू, लवेच्या दिशेने. आणि काय सांगू! खांदा सैल पडला, डोळे जड झाले. मशीन, खिडकी, ऊन — सगळं तरंगत लांब गेलं. दुखणं होतंच. फक्त शेजारच्या खोलीत जाऊन बसलं होतं.

८ फेब्रुवारी — ९
व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना मखमलीचं सांगितलं. हसल्या नाहीत. "चांगलंच आहे की! दुसऱ्या कुणाचा हात असेल तर आणखी बरं. घरी कोण असतं?"

नवरा असतो. फर्निचरला पॉलिश करतो. तळहात राठ झालेत, म्हणून टेबल गुळगुळीत झालं का ते बोटांच्या पालथ्या बाजूने बघतो. इतकं हळू, की त्या टेबलाचा हेवा वाटतो! मला हात लावून त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा पाठीवर हात ठेवला आणि मी किंचाळले. त्यानंतर पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपतो. मला हवाय त्याचा हात. पण मागायला जीभ रेटत नाही.

काल जेवताना म्हणाला, "पाचाच्या खाली कधी येणारच नाही का गं?" डॉक्टरांनी आकडे सांगितले असतील.

९ फेब्रुवारी — ६
म्हणजे चारच! मखमल. ऊन. मस्त डुलकी.

१२ फेब्रुवारी — ८
वही चाळत होते. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात तपकिरी बोट उमटलेलं — पॉलिशचं! खाली कुठेच डाग नाही. म्हणजे फक्त आकडा बघतो, आणि पान मिटतो.

आधी तळपायाची आग मस्तकात गेली. मग त्याचं ते जेवतानाचं बोलणं आठवलं. पाचाच्या खाली यायची वाट बघतोय! माझं दुखणं कमी झालं की जवळ यायचं, म्हणून रोज कोपरा बघतोय वेडा. आणि मी डॉक्टरांसाठी दोन-दोन वाढवत बसले. नऊ तारखेला खरे चार होते. तेही त्याला कळलं नाही. खूप रडले.

१३ फेब्रुवारी — ७. खरे सात. तरी ये. पालथा हात चालेल.