ठिकाण : सुरत

६ ऑक्टो., सोम.
जळगाव. आमचं इंटरनेट कंपनीचं ऑफिस उघडायच्या आधीच फैजपूरचे नाना दारात. घरबसल्या बँकेचं ॲप उघडलं तर मेसेज आला, मुंबईहून लॉगिन. 'मी मुंबईला गेलोच नाही,' दोनदा म्हणाले. वेळ जुळवून बघितली, लॉगिन त्यांचंच. मग नेहमीचं पाठ केलेलं सांगितलं. नाना, नेट एसटीच्या रस्त्याने जात नाही. आपली कंपनी आणि धुळ्याची कंपनी, एकमेकींकडे जाणं-येणं नाही. दोघींची भेट मुंबईत. म्हणून इथून धुळ्याला पाठवलेला फोटोही आधी मुंबई बघून येतो. आणि लाइनचा नंबर ज्या गावच्या नावावर, ते गाव मेसेजात. त्या गावावरून मनात काही आणायचं नाही. नाना चहा पिऊन गेले.

११ ऑक्टो., शनि.
संगीता आली नाही. धुळ्याच्या कॉलेजात शिकवायला लागल्यापासून चुकलेला पहिला शनिवार. पेपर तपासायचेत म्हणे. पेपर काय जळगावात तपासता येत नाहीत? भरीत एकट्याने खाल्लं.

१२ ऑक्टो., रवि.
वीजबिलं येतात त्या आमच्या दोघांच्या मेलवर दुपारी सूचना. संगीताच्या नव्या लॅपटॉपवरून लॉगिन. ठिकाण : सुरत.
हेमंत सुरतेला असतो. शिकताना तिच्या वर्गात होता. आमच्या लग्नात घड्याळ दिलं त्याने, हॉलमध्ये टांगलंय, सेल मी बदलतो. त्याचा फोन आला की ती जशी हसते तशी माझ्याशी—
नानांना सांगितलेलं सगळं आठवतंय. तिची लाइन कुठून येते ते बघायला दोन मिनिटं. बघितलं नाही. मी जळतोय, सरळ लिहितो. जळणाऱ्याला पुरावा नको असतो, सुरत हवी असते.

१३ ऑक्टो., सोम.
रजा टाकली. सकाळची धुळे एसटी. पारोळ्यापर्यंत तिला काय काय सुनवायचं ते जुळवून झालं.
ती राहते त्या घराच्या मालकीण अक्का ओट्यावर. बाहेरगावी गेली होती का, सहज विचारल्यासारखं विचारलं. 'काल बठ्ठा दिन घरमाच व्हती ती, पेपर तपासे.'
म्हणजे दिवसभर घरातच. आत खरोखर पेपरांचे गठ्ठे. कॉलेजने दिलेला नवा लॅपटॉप. अचानक कसे, तिने विचारलं. तोंडातून निघून गेलं, नरडाण्याला एमआयडीसीत काम होतं, रेल्वेने उतरलो, तिथून सोनगीरवरून आलो. किती खूश झाली. शर्टाला डाग लागलाय, काढा, धुऊन टाकते म्हणाली. खिशातून तिकीट निघालं. जळगाव ते धुळे, आजचं.
मग सगळं सांगितलं. मेल, सुरत, हेमंत. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिकिटाची घडी घालत म्हणाली, 'सुरत मशीनने सांगितलं. नरडाणा तुम्ही सांगितलंत.'
शर्ट ओला होता तसाच घालून परत.

१४ ऑक्टो., मंगळ.
बघितलं. अक्कांच्या घरी ज्यांची लाइन आहे ते नेट सुरतेहून घेतात. नंबरही सुरतेच्या नावावर. दोन मिनिटंही लागली नाहीत. तिला कळवलं. 'मला माहीत होतं, मी कुठे होते ते.' एवढंच उत्तर. हेमंतचं घड्याळ चालू आहे. त्याचाही राग येतो.

१८ ऑक्टो., शनि.
सकाळी संगीताचं लाइव्ह लोकेशन आलं. मी मागितलं नव्हतं. सोबत एक शब्द नाही. हे उपग्रहावरून येतं, गाव चुकत नाही. नकाशावर ठिपका थेट अक्कांच्या घरावर. दिवसभर तिथेच.
चार वाजता लिहिलं, 'बंद कर ते. आणि ये.' मुंबई, सुरत करून धुळ्याला पोहोचलं, लगेच निळ्या खुणा.
४.४० : ठिपका गेला. तिने बंद केलं. एसटीत बसली की नुसतंच बंद केलं, ते बघायची आता सोय नाही. फोन लावायला हात गेला होता, लावला नाही. वांगी दोघांपुरती आणली आहेत. भाजायला घेतो.