खुराड्यावरची पाटी

बेल्स फोर्क, केंटकी
१४ ऑक्टोबर

लाडके ड्रीमा,

आजीचे आशीर्वाद. राग असला तरी ठेवून घे. अक्षर शेजारच्या वेल्माचं, बोलणं माझं. ती मधूनच नाक मुरडते, तिकडे लक्ष देऊ नकोस.

इकडे ठीक. घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवून वाळवल्या. कोंबड्या अंडी कमी देतात, पण ऐट तीच. असणारच! गावात दुसऱ्या कुणाच्या खुराड्याला घरं विकणाऱ्या रिअल्टरच्या, तुझ्या फोटोच्या पाट्या होत्या?

होत्या म्हणते. काल उतरवल्या.

मार्चमध्ये तू सांगितलं होतंस, "आजे, आमच्या ऑफिसच्या नेपियर साहेबांनी रिअल्टरांची संघटना सोडली, म्हणून मीही सभासद नाही. घरं विकायचा परवाना आहे, पण रिअल्टर म्हणवून घ्यायचं नाही. ते नाव संघटनेचं. या पाट्या मोडून टाक."

मी म्हटलं, "तोंड तेच, घरं तीच, मग नाव कसं काढून घेतात?"

"चर्च सोडलेला पाद्री रविवारी प्रवचनाला उभा राहतो का गं?"

कळलं होतं मला. पण इतका चांगला पत्रा कोण टाकतं? खुराड्याला ठोकला. पाटीवरचा तुझा चेहरा रस्त्याकडे केला. आत केला असता तर कोंबड्यांनी त्याचं काय केलं असतं! रस्त्याने जाणारा डेल्बर्ट गाडी थांबवून म्हणाला, "ऑर्फाकाकू, हे घर केवढ्याला?" मी म्हटलं, "तुला नाही झेपायचं, आतल्या बायका तापट आहेत."

हसण्यावारी गेलं नाही. कुणीतरी फोटो काढून संघटनेला धाडला. तू तर नेपियरला लिहून दिलं होतंस, सगळ्या पाट्या काढल्या म्हणून. नेपियरने तुला खोटारडी ठरवून कामावरून काढलं.

इथवर तुला ठाऊक आहे. पुढचं ऐकून वेल्माने पेन खाली ठेवलं होतं.

तेव्हा तू विचारलंस, "आजे, संघटनेचं माझ्या नावे काही पत्र आलं होतं?" मी नाही म्हटलं. आलं होतं गं. मे महिन्यात, पाकिटावर पाटीवरचंच चिन्ह. अक्षर येत नसलं तरी चिन्ह ओळखते मी. वाटलं, लेक्सिंग्टन शहरातून तुला कामाचं बोलावणं आलं. तू जायचं म्हणत होतीसच. पिठाच्या डब्याखाली सारलं.

काल वेल्माने वाचून दाखवलं. खुराड्यावरच्या पाट्या दहा दिवसांत काढा आणि तसं कळवा, म्हणजे विषय संपला. एवढंच होतं त्यात.

ते घेऊन लगेच नेपियरकडे गेले. म्हणाला, "काकू, चूक तुमची, कळलं. पण तिच्या जागी माणूस घेतलाय. आणि इथं आता तिला कोण घेणार? सगळीकडे बोभाटा झालाय."

म्हणजे तिकडे ओहायोच्या गोदामात तू खोकी भरतेस, ती मी भरायला लावली.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल. ये असंही म्हणत नाही. वेल्मा म्हणते, शेवटी काहीतरी आशेचं घाल. मी म्हटलं, तुझ्याकडे असलं तर घाल बाई.

तुला जवळ ठेवायला निघालेली आणि घालवून बसलेली,
ऑर्फा

(ही फुली माझ्या हातची) ×